पाण्यात पाऊल उचलू नका, सरकवा

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात:

‘मी ३९ वर्षांची असून कोथरूडला राहते. डिसेंबरमध्ये मी, पती, ११ वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे चौघे मालदीवमधल्या एका लहान बेटावर सहा दिवसांसाठी जाणार आहोत. तिथल्या गेस्ट हाउसच्या मालकांनी मोठ्या कौतुकाने कळवले आहे की रोज संध्याकाळी किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात स्टिंग रे, म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेले चपटे मासे, येतात आणि पाहुणे त्यांच्यामध्ये उभे राहतात. मुलगी तेव्हापासून दिवस मोजते आहे. माझी मात्र झोप उडाली आहे. नऊ वर्षांची असताना काशीदच्या समुद्रात माझ्या पायाखाली काहीतरी मऊ आणि जिवंत वळवळले होते. ते काय होते हे आजही ठाऊक नाही, पण त्यानंतर मी समुद्रात घोट्यापलीकडे गेलेले नाही. टीव्हीवर प्राण्यांचे कार्यक्रम करणारे स्टीव्ह अर्विन स्टिंग रेमुळेच कसे गेले हेही मला माहीत आहे. पती म्हणतात, “काही होत नाही, एवढे लोक जातात”, सासूबाई म्हणतात, “विकतचे दुखणे कशाला?” मुलीच्या मनात माझी भीती उतरू नये आणि ती धोक्यातही पडू नये, असे मला वाटते. मी काय करावे?’

ताई, तुमच्या घरातली दोन्ही मते अर्धी अर्धी बरोबर आहेत. ‘काही होत नाही’ हे खरे नाही, कारण स्टिंग रेचा दंश झाला तर तो अत्यंत वेदनादायक असतो आणि जखम नीट साफ झाली नाही तर आठवडेच्या आठवडे त्रास देते. ‘विकतचे दुखणे’ हेही खरे नाही, कारण हा दंश बहुतेक वेळा कसा होतो हे नेमके माहीत आहे आणि तो टाळण्याचा उपाय तुमच्या दोन पावलांत आहे. तुमची भीती घालवून टाका असे मी सांगणार नाही. ती सध्या चुकीच्या जागी पहारा देत उभी आहे, तिला योग्य जागी आणून उभे करायचे आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

सर्वप्रथम या प्राण्याची ओळख आपल्या भाषेतून करून घेऊ या, कारण ‘स्टिंग रे’ या नावात दंश आधी येतो आणि मासा नंतर. आपल्या कोकणात या माशाला पाकट म्हणतात आणि कोळी समाजाला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तो शार्कच्या नात्यातला असून त्याच्या अंगात हाडे नसतात, कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक सांगाडा असतो. दिवसाचा बराच वेळ तो उथळ पाण्यात, अंगावर वाळूचा पातळ थर ओढून, फक्त डोळे आणि डोळ्यांमागची दोन छिद्रे उघडी ठेवून पडून राहतो. त्या छिद्रांतून तो श्वासासाठी पाणी आत घेतो. त्याचे तोंड पोटाच्या बाजूला असते आणि त्यात खेकडे व शिंपले फोडण्याजोगे चपटे दात असतात. माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. माणसाच्या मागे लागून दंश करणे हा त्याचा स्वभावच नाही. शेपटीवरचा काटा त्याने फक्त स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवलेला असतो.

तो काटा मी एकदा अगदी जवळून पाहिला आहे. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असताना बांगड्यांच्या ढिगात परातीएवढा एक पाकट आला होता. एका वयस्कर मच्छीमाराने इतर कशालाही हात लावण्याआधी काठीने त्याची शेपटी वाळूवर दाबून धरली आणि कोयत्याच्या एका घावात काटा तोडला. तोडलेला काटा त्याने वाळूत फेकला नाही. कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून तो होडीच्या फळीवर वेगळा ठेवला. माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, चपटा, दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते असलेला आणि त्या दात्यांची टोके मागे वळलेली, असा तो काटा होता. आत शिरताना तो सुरीसारखा शिरतो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो, हे त्याच्या घडणीवरूनच कळत होते. त्यावर कातडीचे पातळ वेष्टन असते आणि विष त्या वेष्टनाच्या पेशींत असते. त्या वृद्ध माणसाच्या हालचालीत घाई नव्हती, घबराट नव्हती आणि निष्काळजीपणाही नव्हता. तुमच्या मनात मला ती अवस्था हवी आहे.

आता धोका नेमका कुठे असतो ते पाहू. वाळूत दडलेल्या पाकटाच्या पाठीवर माणसाचा पाय पडला की तो दाबला जातो, सुटण्यासाठी शेपटी वर उसळवतो आणि काटा घोट्यात, पावलात किंवा पोटरीत शिरतो. बहुतेक दंशांची कथा एवढीच असते. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकट आणि जेलीफिश यांचे दंश झाले होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर विसर्जनाच्या सुमारास प्रशासनाकडून तशी सूचनाही दिली जाते. तिथे काय घडत असणार याचा विचार करा: पावसाळ्याअखेरचे गढूळ पाणी, कमी उजेड, मूर्ती हातात घेऊन चाललेली माणसे आणि वाळूवर थाड्‌थाड् पडणारी असंख्य पावले. पाकटाला पळायला वाट नव्हती आणि माणसांना तळ दिसत नव्हता.

काशीदला तुमच्या पायाखाली जे वळवळले, ते अशाच पाण्यात. ते पाकटच होते की आणखी काही, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, पण त्या नऊ वर्षांच्या मुलीने घाबरून पाय मागे घेतला यात तिची काहीही चूक नव्हती. तिने फक्त पुढची तीस वर्षे सगळ्या समुद्रांना काशीदचा समुद्र समजण्याची चूक केली. मालदीवमध्ये किनाऱ्यालगतचे पाणी बहुधा इतके नितळ असते की गुडघाभर पाण्यात स्वतःच्या पायाची नखे दिसतात. तिथे पाकट तुम्हाला येताना दिसेल, आणि आपल्याकडे नेमके हेच शक्य नसते.

स्टीव्ह अर्विन यांच्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवे, कारण या विषयावर बोलताना प्रत्येकाच्या मनात तेच नाव असते. ४ सप्टेंबर २००६ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत, बॅट रीफ येथे चित्रीकरण करताना एका मोठ्या पाकटाच्या अगदी जवळ, त्याच्या वरच्या बाजूला ते पोहत होते. काटा छातीत लागला आणि त्यांचा मृत्यू झाला. पाकटामुळे माणूस दगावणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे आणि छातीला किंवा पोटाला काटा लागणेही क्वचितच घडते. तरीही त्या घटनेतून एक नियम घेण्यासारखा आहे: पाकटाच्या वरून पोहू नये, मागून त्याचा पाठलाग करू नये आणि त्याला आपल्यामध्ये व किनाऱ्यामध्ये कोंडू नये. वरून येणारी सावली म्हणजे शिकारी, हे त्याच्या मेंदूत फार जुने बसलेले समीकरण आहे.

म्हणूनच पाण्यात पाऊल उचलून टाकायचे नाही, सरकवायचे. तळवे वाळूला टेकलेले ठेवून, फरशीवर चप्पल फरफटत चालावे तसे, लहान लहान अंतर पुढे जायचे. पायाच्या हालचालीने वाळू हलते, ती थरथर पाकटाला दुरूनच जाणवते आणि तो आपणहून निघून जातो. समजा पाय लागलाच, तर तो त्याच्या कडेला हलकेच लागतो, पाठीवर वजन पडत नाही. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट प्रवाळाच्या धारेपासून वाचवतात म्हणून जरूर न्या, मात्र पाकटाचा काटा त्यातूनही जाऊ शकतो. बूट आहेत म्हणून पावले कशीही टाकली तर उलट धोका वाढेल.

आता भीतीविषयी. भीती चढते, काही काळ टिकते आणि मग उतरते, असा तिचा क्रम असतो. पण आपण ती ऐन चढलेली असतानाच पळ काढतो, त्यामुळे ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढेच मन शिकते आणि पुढच्या वेळी आणखी लवकर घाबरते. तुम्ही तीस वर्षे घोटाभर पाण्यातून परत फिरत आला आहात, म्हणजे दर वेळी हा धडा पक्का होत गेला आहे. तो पुसायचा तर भीती उतरेपर्यंत तिथेच थांबण्याचा सराव करावा लागतो, आणि तो अगदी सोप्या जागेपासून सुरू करायचा असतो. डिसेंबरपर्यंत तुमच्याकडे तेवढा वेळ आहे.

पहिला आठवडा फक्त छायाचित्रांचा. दिवसाउजेडी, झोपण्यापूर्वी नव्हे, एक छायाचित्र समोर ठेवा, शून्य ते दहा यांपैकी भीतीला किती गुण द्यावेसे वाटतात ते वहीत लिहा आणि तो आकडा निम्म्यावर येईपर्यंत ते बाजूला करू नका. नंतर पाकट शांतपणे पोहत असल्याच्या चित्रफिती त्याच पद्धतीने पाहा. अपघातांच्या चित्रफिती मात्र या काळात कटाक्षाने टाळा, कारण त्यांतून माहिती वाढत नाही, फक्त मनातले चित्र भडक होते. त्यानंतर घराजवळच्या तरणतलावाच्या उथळ बाजूला जा, पाण्यातला चष्मा लावून चेहरा पाण्यात घालायचा सराव करा आणि पाऊल सरकवत चाला. लोक बघतील म्हणून संकोच करू नका. घाबरलेल्या क्षणी मन नवीन काही शिकत नाही, जे अंगवळणी पडले आहे तेच करते, म्हणून ही चाल आधी अंगवळणी पडली पाहिजे. सोबत श्वासाचा एक साधा सराव ठेवा: चार आकडे मोजत श्वास घ्या आणि सात-आठ आकडे मोजत सोडा. लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड खरोखर खाली येते.

एवढे करूनही नुसत्या विचाराने हातपाय गार पडत असतील, झोप सतत मोडत असेल किंवा श्वास कोंडत असेल, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भेट घ्या. अशा विशिष्ट भीतीवर हीच पद्धत ते अधिक काटेकोरपणे वापरतात आणि तिचा चांगला उपयोग होतो. पुण्यात असे तज्ज्ञ सहज मिळतात, त्यामुळे डिसेंबर उजाडेपर्यंत थांबू नका.

बेटावर पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी पाण्यात उतरू नका, हा माझा आग्रह आहे. चौघेही वाळूवर बसा आणि पाकट कुठून येतात, किती जवळ येतात, माणूस हलला की काय करतात, हे बघा. दुसऱ्या दिवशी, चांगला उजेड असताना, स्थानिक मार्गदर्शकाबरोबर आधी घोटाभर आणि मग गुडघाभर पाण्यात जा आणि एका जागी उभ्या राहा. पाकट तुमच्या बाजूने येईल. त्याच्या अंगाची कड पाण्यात घडीच्या साडीच्या काठासारखी हलते आणि डोळे पाठीवर दोन उंचवट्यांसारखे दिसतात. कदाचित ती कड पोटरीला निसटती लागेल. ओल्या, सायीसारख्या गुळगुळीत कापडाचा तो स्पर्श असतो. त्या क्षणी पाय उचलून मागे उडी मारायची नाही, एवढे एकच काम तुमच्याकडे आहे. मागे दुसरा पाकट असू शकतो. जागीच थांबा, श्वास लांब सोडा आणि त्याला जाऊ द्या. खोल पाण्याकडची त्याची वाट नेहमी मोकळी ठेवा; सगळ्यांनी मिळून त्याच्याभोवती रिंगण धरू नका.

फोटोविषयी वेगळे लिहायला हवे, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. ‘अजून थोडी मागे हो, थोडी मागे’ असे किनाऱ्यावरून कोणी म्हणाले की माणूस तळ न बघता उलटा चालू लागतो, आणि पाकटावर पाय पडण्याची याहून सोपी रीत नाही. पतींना आधीच सांगून ठेवा की पाण्यात कोणी मागे चालणार नाही. फोटो काढणाऱ्यानेच जागा बदलायची.

स्पर्शाबद्दल माझे मत असे की हात लावू नये. पाकटाच्या कातडीवर चिकट द्रवाचा थर असतो, तो त्याचे रोगांपासून रक्षण करतो आणि आपल्या हातांनी व त्यांवरच्या मलमांनी तो निघतो. शेपटीला तर कोणत्याही परिस्थितीत हात लावायचा नाही. हाताने मासळी भरवणेही टाळा. बोटांना मासळीचा वास असेल तर तो बोट आणि घास यांत भेद करत नाही आणि खेकडा फोडणाऱ्या जबड्याची पकड काही हलकी नसते. काही बेटांवर मासळीचे उरलेले तुकडे टाकून पाकटांना रोज बोलावले जाते. याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटाजवळचे आहे. तिथे मच्छीमार शांत उथळ पाण्यात मासळी साफ करत, त्या वासाने पाकट जमू लागले आणि १९८० च्या दशकात त्याचे पर्यटन झाले. तिथल्या पाकटांवर संशोधन झाले, तेव्हा रात्री एकेकटे हिंडणारे हे मासे माणसांच्या खाण्यापायी दिवसा आणि घोळक्याने वावरू लागल्याचे आढळले. आज तिथे पाकटाला पाण्याबाहेर काढण्यास बंदी आहे आणि उथळ पाण्यात पादत्राणे घालण्यासही मनाई आहे, कारण माणसाच्या बुटाने पाकट जखमी होतो.

हे तपशिलाने सांगण्याचे कारण असे की मार्गदर्शक निवडताना तुम्हाला त्याचा उपयोग होईल. मालदीवमध्ये पाकटांच्या सर्व जाती कायद्याने संरक्षित आहेत. तिथला मार्गदर्शक पाकटाला उचलून तुमच्या हातावर ठेवू लागला, त्याच्यावर बसा किंवा त्याला धरा म्हणू लागला, तर मुलीचा हात धरून पाण्याबाहेर या, मग पैसे भरलेले असोत वा नसोत. डिवचलेला पाकट कोणाला दंश करायचा हे विचारून करत नाही. जाण्यापूर्वीच गेस्ट हाउसला दोन प्रश्न लिहून विचारा: पाकटांना खाऊ घातले जाते का, आणि दंश झाला तर तुम्ही काय करता? दुसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडे असे कधी होत नाही’ एवढेच उत्तर आले, तर तिथल्या लोकांवर विसंबू नका.

मुलीविषयी तुम्ही लिहिलेत ते मनाला भिडले. आईची भीती मुलीला दिसणारच. ती लपवायचा प्रयत्न केलात तर तिला भीतीही दिसेल आणि लपवालपवीही. त्यापेक्षा तिला सांगा, ‘मला या माशाची भीती वाटते, म्हणून मी त्याच्याबद्दल वाचते आहे आणि तलावात सराव करते आहे, तूही माझ्याबरोबर चल.’ पाय सरकवण्याचा सराव तिलाही हवाच आहे, कारण मुले पाण्यात नाचतात. बेटावर तिला एका बाजूला पती आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही किंवा मार्गदर्शक, असे मध्ये ठेवा आणि तिच्या कमरेपेक्षा खोल पाण्यात नेऊ नका. तुम्ही त्या दिवशी वाळूवरच बसायचे ठरवलेत, तर पतींनी मार्गदर्शकासोबत तिला न्यावे आणि तुम्ही ‘नको’ ऐवजी ‘पाय सरकव’ म्हणावे. सासूबाईंना पाण्यात नेण्याचा हट्ट कोणीही करू नये.

आता प्रथमोपचार, जे चौघांनाही पाठ असले पाहिजेत. दंश झाला तर जखमी व्यक्तीला लगेच पाण्याबाहेर आणा आणि रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. त्यानंतर तो पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवा. पाण्याचे तापमान सुमारे ४५ अंश सेल्सियसच्या वर नको आणि वेळ ३० ते ९० मिनिटे. उष्णतेने या विषातील प्रथिने निष्प्रभ होतात आणि वेदना बऱ्याच अंशी कमी होते. वेदनेच्या भरात चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या कोणीतरी स्वतःच्या हाताने तपासायचे. लिंबू, हळद, चुना असले काही लावू नका. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो तिथेच राहू द्या, उपटू नका आणि तातडीने रुग्णालय गाठा. जखम किरकोळ दिसली तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवी, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचाही प्रश्न असतो. ते इंजेक्शन शेवटचे कधी घेतले हे पुण्यातच चौघांचे तपासून घ्या. मालदीवमध्ये वस्तीच्या बेटांवर साधारणपणे आरोग्य केंद्र असते. तुमच्या बेटावरचे कुठे आहे हे पहिल्याच दिवशी चालत जाऊन पाहून या.

आणि प्रवासात सासूबाईंच्या चहासाठी तुम्ही थर्मास नेणारच असाल, तर तो रोज संध्याकाळी गरम पाण्याने भरून किनाऱ्यावर त्यांच्याजवळ ठेवा, सोबत एक प्लास्टिकचा टब आणि साध्या पाण्याची बाटली. थर्मासमधले पाणी थेट पायावर ओतायचे नाही. टबात साधे पाणी मिसळून, स्वतःच्या कोपराने तपासून मगच पाय बुडवायचा, हे त्यांना आधी एकदा करून दाखवा.